गाठ साधी आहे, पण श्वास अडतोय: थायरॉईडच्या गाठीमुळे दम लागत असेल तर काय करायचं

माझी आत्या दोरीवर कपडे वाळत घालेनाशी झाली, तेव्हा आम्हाला वाटलं खांदा धरला असेल. मग तिने अंबाडा सोडला, केस पुढे घेऊन वेणी घालायला लागली. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. दोन वर्षं तिला दम्याचा पंप चालू होता आणि त्याने काडीचा फरक पडत नव्हता. गळ्यावरची गाठ तर वीस वर्षांची जुनी. ती साधी आहे, कॅन्सरची नाही, हे कधीच तपासून झालं होतं, म्हणून तिच्याकडे बघायचंच सगळ्यांनी सोडलं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, हात वर केले की दम लागतो का?" तेव्हा कुठे कपड्यांची दोरी, अंबाडा आणि उशा यांचा मेळ लागला.

तुमच्या घरात अशी गाठ नुकतीच सापडली असेल किंवा जुन्या गाठीसोबत आता धाप लागायला लागली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट पहिल्यापासून पक्की धरा. 'साधी' हा शब्द गाठीतल्या पेशींबद्दल आहे. गाठ केवढी आहे, कुठे बसली आहे, श्वासनलिकेला किती रेटते आहे, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. "कॅन्सर आहे का?" आणि "नळी दबली आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे मिळवायची आहेत.

सगळ्यात आधी: कधी थांबायचं नाही

माणूस शांत बसलेला असतानाही श्वास आत घेताना घशातून घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा गाठ काही तासांत एकाएकी फुगून दुखायला लागली आहे (गाठीच्या आत रक्तस्राव झाला की असं होतं), तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात न्या. नेताना बसवूनच न्या. "जरा पड, बरं वाटेल" म्हणून आडवं करू नका, आडवं झाल्यावर नळी आणखी दाबली जाऊ शकते.

आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, गाठ काही आठवड्यांतच भराभर वाढली, हाताला दगडासारखी लागते, खोकल्यातून रक्त पडतं, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. जुनी गाठ साधी निघाली होती म्हणून या लक्षणांना सूट देऊ नका.

पायरी १: गाठ आणि नळी यांचं नातं समजून घ्या

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी दोन पंख पसरून बसलेली ग्रंथी. वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. ती श्वासनलिकेला चिकटलेली असते, म्हणून आपण घोट गिळला की ती वर-खाली हलते. आरशासमोर उभं राहून पाण्याचा घोट घ्या आणि गळ्याकडे बघा, मोठी गाठ घोटाबरोबर हलताना दिसते.

या ग्रंथीत गाठी होणं फार सर्वसाधारण आहे. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, आणि वयाबरोबर वाढतं. बहुतेक गाठी साध्या असतात आणि आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. काहींच्या बाबतीत मात्र एक गाठ किंवा अनेक गाठींचा झुबका वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतो. यालाच आपल्याकडे गलगंड म्हणतात.

मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते. तिला समोरून आणि बाजूंनी कूर्चेच्या अर्धगोल कड्यांचा आधार असतो, त्यामुळे ती सहज चेपत नाही. शरीर बरीच वर्षं सांभाळून घेतं, आणि म्हणूनच घात होतो. नळी आठ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत पुष्कळांना चालताना-चढतानाही फारसं जाणवत नाही, आणि पाच मिलिमीटरच्या आसपास आली की बसल्याबसल्या आवाज यायला लागतो. मधलं अंतर किती थोडं आहे बघा. हवा सरळ, शांत वाहत असेल तर नळीची रुंदी निम्मी झाल्यावर अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून "इतकी वर्षं काही नव्हतं, आता सहा महिन्यांत कसं वाढलं" हे पेशंटचं म्हणणं अगदी खरं असतं. गाठ कदाचित थोडीशीच वाढलेली असते, पण नळीत तेवढीच जागा उरलेली होती.

वाढणारी गाठ खाली सरकत छातीच्या हाडामागे गेली की मामला वेगळा होतो. गळा आणि छाती यांच्या सांध्यावर हाडांचं एक कडं असतं: मागे मणका, बाजूला पहिल्या बरगड्या, पुढे छातीचं हाड. गळ्यातली गाठ बाहेरच्या बाजूला फुगू शकते, या कड्यातली नाही. तिथे अन्ननलिका, श्वासनलिका आणि डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा सगळ्या दाटीवाटीने असतात. हात डोक्यावर नेले की बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी गाठ त्या कड्यात घट्ट बसते. चेहरा लालबुंद किंवा निळसर होतो, गळ्यावरच्या शिरा फुगतात, दम लागतो. १९४६ साली पेम्बर्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी ही खूण नोंदवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डॉक्टर पेशंटला दोन्ही हात वर करून मिनिटभर थांबायला सांगतात. ही परीक्षा घरी एकट्याने करून बघू नका. कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, केस विंचरताना काय होतं हे आठवलं तरी पुरे.

अशी गाठ बाहेरून दिसतेच असं नाही. गळा जेमतेम भरल्यासारखा वाटतो आणि खरा ऐवज हाडामागे असतो.

पायरी २: पंधरा दिवस वहीत लिहा

डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात "दम लागतो" एवढंच सांगितलं तर हृदय, फुप्फुस, रक्त, वजन अशा वीस वाटा उघडतात. म्हणून नेमकं लिहून न्या.

किती उशा लागतात, आणि वर्षापूर्वी किती लागत होत्या? कुठल्या कुशीवर बरं वाटतं? बऱ्याच जणांना एका कुशीवर गुदमरतं आणि दुसऱ्या कुशीवर मोकळं वाटतं. ही फार उपयोगाची माहिती आहे आणि ती आपणहून कुणी सांगत नाही. रात्री घोरणं वाढलंय का, हे घरच्यांनी सांगायचं. आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना? दम्यात छातीतून सुंई सुंई येते ती बहुतेक सोडताना. नळी गळ्यात दबली असेल तर आवाज घशातून, आणि बहुतेक वेळा आत घेताना येतो. गाठ छातीत उतरली असेल तर दोन्ही वेळा येऊ शकतो. रात्री झोपेत आवाज येत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. क्लिनिकमध्ये खुर्चीवर बसलेला पेशंट एकदम ठणठणीत वाटतो.

घास अडकतो का, पोळी-भाताला पाणी लागतं का? शर्टचं वरचं बटण, ब्लाऊजचा बंद गळा, मंगळसूत्र काचतंय का? पंप घेतला असेल तर खरोखर किती फरक पडला?

आणि एक जुना फोटो शोधा. लग्नातला, बारशातला, कुठलाही, ज्यात गळा समोरून दिसतो. गाठ किती वर्षांत किती वाढली याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

लिहिताना मनाशी प्रामाणिक राहा. सोनोग्राफीत एक सेंटिमीटरची गाठ निघाली आणि धापही लागते, म्हणजे धाप गाठीमुळेच, असं नसतं. एवढीशी गाठ सहसा नळी दाबत नाही. घशात सतत काहीतरी अडकल्याची भावना तर पुष्कळदा पित्ताची असते. दम लागायला रक्त कमी असणं, हृदय, फुप्फुस, वाढलेलं वजन ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. गाठ जास्तीचं संप्रेरक बनवत असेल तर छाती धडधडून दम लागतो, आणि तेव्हा नळी अगदी मोकळी असते. लहान गाठीचं ऑपरेशन करून घेऊन दम तसाच राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ३: कुणाकडे जायचं

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा, पण चिठ्ठी मागून घ्या. गाठ आणि श्वास दोन्ही असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा थायरॉईडची ऑपरेशनं नियमित करणारे सर्जन यांच्याकडे जा. संप्रेरकांचं गणित बिघडलेलं असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टही लागतील. खर्चाची काळजी असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे सगळे विभाग एका आवारात मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला तपासण्या सुरू होण्याआधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

पायरी ४: तपासण्या, आणि प्रत्येकीला विचारायचा प्रश्न

टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) आणि गरजेप्रमाणे टी३, टी४ (थायरॉईड स्वतः बनवते ती संप्रेरकं) ही रक्ततपासणी आधी होते. ती ग्रंथीचं काम सांगते, आकार सांगत नाही. "थायरॉईड नॉर्मल आहे" हे रक्ताबद्दलचं वाक्य ऐकून माणसं गाठही नॉर्मल समजतात. मोठा गलगंड असूनही टीएसएच अगदी बरोबर येऊ शकतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये सांगा, त्या आकडे फसवतात.

सोनोग्राफीत गाठी किती, केवढ्या, घट्ट की पाण्याने भरलेल्या, संशयास्पद आहेत का, हे कळतं. पण सोनोग्राफीला हाडापलीकडचं दिसत नाही. रिपोर्टमध्ये गाठीचं खालचं टोक दिसत नसल्याचं लिहिलं असेल, तर तिथेच बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, "मग खाली किती गेली आहे?"

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, बारीक सुईने होते, दहा-पंधरा मिनिटांत घरी जाता येतं. रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने एक ते सहा अशा वर्गांत येतो. दुसरा वर्ग म्हणजे साधी गाठ. पहिला वर्ग आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ पेशी पुरेशा आल्या नाहीत, सुई पुन्हा घालावी लागेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी: गळा आणि छातीचा सीटी स्कॅन. श्वासाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे मिळतं. नळी कुठल्या बाजूला सरकली आहे आणि सर्वांत अरुंद जागी किती मिलिमीटर उरली आहे, हे रिपोर्टमध्ये आकड्यात लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर मागून घ्या. दोन व्यावहारिक सूचना. पहिली: स्कॅन आडवं झोपून होतो आणि छातीच्या स्कॅनसाठी हात डोक्यावर घ्यायला सांगतात, म्हणजे नेमकी तीच स्थिती ज्यात अशा पेशंटला गुदमरतं. टेबलावर चढण्याआधीच टेक्निशियनला सांगा. आत्याला आत घेतल्यावर दोन मिनिटांत बाहेर काढावं लागलं होतं, कारण आम्ही कुणालाच काही बोललो नव्हतो. मग मानेखाली उंच आधार देऊन, हात खाली ठेवून स्कॅन झाला. दुसरी: चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून जे औषध देतात, ज्याला डाय म्हणतात, त्यात भरपूर आयोडिन असतं. गाठीच्या थायरॉईडला ते एकदम मिळालं तर ग्रंथी भडकू शकते, म्हणजे जास्तीचं संप्रेरक बनवू शकते. नळीचा दाब बघायला डाय नसलेला स्कॅनही पुष्कळदा पुरतो, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

यंत्राच्या नळीत जोरात फुंकायची तपासणी (स्पायरोमेट्री) दम्यासाठी आधीच झाली असेल तर तो कागद फेकू नका. त्यातल्या आलेखाचं टोक कापल्यासारखं सपाट आलं असेल तर अडथळा मोठ्या नळीत असण्याची शक्यता असते. शेवटी दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घेतात. आवाज चांगला असला तरी एखादी स्वरतंतूची बाजू आधीच दुबळी असू शकते, आणि ते ऑपरेशनआधी कळायलाच हवं.

पायरी ५: उपाय ठरवणं

गाठ साधी, नळी मोकळी, त्रास नाही: तर ठरलेल्या अंतराने सोनोग्राफी करत राहायची, बाकी काही नाही.

गाठ पाण्याची असेल तर सुईने पाणी काढलं की लगेच मोकळं वाटतं, पण ते बऱ्याचदा पुन्हा भरतं. गाठ आटवण्यासाठी थायरॉईडच्या गोळ्या द्यायची जुनी पद्धत आता सहसा वापरत नाहीत. उपयोग थोडा आणि वयस्कर माणसांत हृदयाचे ठोके बिघडणं, हाडं ठिसूळ होणं हे धोके. रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे सुईतून उष्णता देऊन, गाठ आटवायची सोय मोठ्या शहरांत आहे. गळ्यातल्या निवडक गाठींना ती चांगली, हाडामागे उतरलेल्या गलगंडाला नाही. ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी किरणोत्सारी आयोडिनचा मार्ग असतो. गाठ महिन्यामहिन्यांनी लहान होते, नाहीशी होत नाही, आणि सुरुवातीला थोडी सुजू शकते. नळी आधीच फार अरुंद असेल तर हा विचार जपून.

आयोडिनयुक्त मिठाबद्दल हमखास विचारतात. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मिठात आयोडिन घातलं की गलगंडाचं प्रमाण घटतं. १९६२ मध्ये देशाने गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. घरी आयोडिनचंच मीठ वापरा, पुढच्या पिढीसाठी ते फार मोलाचं आहे. पण वीस वर्षांच्या जुन्या गाठी त्याने विरघळत नाहीत. आणि आयोडिनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने तर मुळीच घेऊ नका. गाठ चोळणं, तिच्यावर लेप थापणं यात फक्त वेळ जातो.

नळी दबली आहे आणि त्रास आहे, तर उपाय ऑपरेशनच. लोक वयाचं कारण सांगून पुढे ढकलतात. माझं मत स्पष्ट आहे: नळी दबलेली असताना साठीत ठरवून केलेलं ऑपरेशन हे सत्तरीत मध्यरात्री घाईने केलेल्या ऑपरेशनपेक्षा केव्हाही बरं.

पायरी ६: ऑपरेशनआधी

सर्जनना विचारा: अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण? महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? गाठ छातीत उतरली असेल तर छातीचे सर्जन हाताशी असतील का? छातीत उतरलेल्या बहुतेक गाठीही गळ्यातल्याच छेदातून निघतात, छातीचं हाड उघडावं लागणारे थोडे. तरी तयारी हवी.

भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवशीच्या गडबडीत उरकू नका. त्यांना उशांची संख्या सांगा, कुठल्या कुशीवर झोपता ते सांगा, स्कॅनचे फोटो दाखवा. नळी फार अरुंद असेल तर पेशंट जागा असतानाच, घसा बधिर करून, दुर्बिणीच्या मदतीने श्वासाची नळी घालतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण स्वतःचा श्वास चालू ठेवूनच नळी आत जाते, म्हणून तेच सुरक्षित. हे आधी नीट समजावलेलं असलं तर पेशंट शांत राहतो.

पायरी ७: नंतरचे दिवस

पहिले चोवीस तास सोबतच्या माणसाने जागं राहायचं. गळा घट्ट होतोय, सूज वाढतेय, आवाज बदलतोय, अस्वस्थ वाटतंय, असं काही झालं तर लगेच सिस्टरना बोलवा. आत रक्त साठलं तर मिनिटामिनिटाला धोका वाढतो, सकाळच्या राऊंडची वाट बघायची नसते.

पूर्ण ग्रंथी काढली असेल तर पहिल्या काही दिवसांत बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येऊ शकतात, हातापायात पेटके येतात. हे कॅल्शियम उतरल्याचं लक्षण. थायरॉईडला चिकटलेल्या चार इवल्याशा ग्रंथी कॅल्शियम सांभाळतात, त्या ऑपरेशनमध्ये दुखावू शकतात. बहुतेकांच्या त्या काही आठवड्यांत सावरतात, तोवर कॅल्शियमच्या गोळ्या चालतात. आवाज थोडा बसणं, वरच्या पट्टीत न जाणं हेही बऱ्याचदा तात्पुरतं असतं. कायमचा आवाज जाणं थोड्यांच्या वाट्याला येतं, पण शाळेत शिकवणाऱ्या किंवा गाणाऱ्या माणसाने हे आधी मोकळेपणी बोलून घ्यावं.

पूर्ण ग्रंथी गेली की थायरॉईडची गोळी आयुष्यभराची. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांना १९०९ चं नोबेल मिळालं ते थायरॉईडवरच्या कामासाठीच. ग्रंथी पूर्ण काढली की माणूस मंद होत जातो, सुजतो, हे त्यांनी १८८३ मध्येच आपल्या पेशंटमध्ये पाहून जगापुढे ठेवलं होतं. तेव्हा हातात गोळी नव्हती. आज आहे, फक्त ती नीट घ्यायला हवी: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. आमच्याकडे पहिला महिना सगळ्या गोळ्या एकत्र चहासोबत जात होत्या आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून सगळे हैराण. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून गोळीची ताकद ठरते. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर पुष्कळांना गोळी लागत नाही, पण तपासणी सोडायची नाही.

श्वास बहुतेकांना लगेच मोकळा होतो. वर्षानुवर्षं दबून नळीच्या भिंती मऊ पडल्या असतील तर थोडे दिवस जास्त लक्ष ठेवावं लागतं, असे पेशंट मोजकेच. आत्या चौथ्या रात्री एका उशीवर झोपली आणि सकाळी उठल्यावर इतकंच म्हणाली, "मान दुखतेय, सवय राहिली नाही."

काढलेली गाठ तपासणीला जाते आणि तिचा बायॉप्सी रिपोर्ट यायला आठवडाभर लागतो. तो हातात घ्या, वाचून घ्या, सर्जनना दाखवा. सुई गाठीच्या थोड्याच भागात फिरलेली असते, इथे गाठीच्या अनेक भागांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात, आणि कधीकधी आत कॅन्सरचा बारीकसा भाग सापडतो. टाके निघाले, श्वास सुटला म्हणून तो कागद रुग्णालयातच राहतो, असं पुष्कळ घरांत होतं.